गिरिजाक्कांचा खांदा

भर कीर्तनात शिट्टी वाजवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती माझ्या शेजारीच राहते.

श्रावणातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या मरगाईच्या देवळासमोर मांडव घातला होता. बुवा बाहेरगावचे, आवाज खणखणीत, टाळकरी रंगात आलेले. बोलता बोलता बुवा म्हणाले, "स्त्री ही परमार्थाच्या वाटेवरची धोंड आहे." टाळ वाजणार एवढ्यात मागून कर्णकर्कश शिट्टी आली. फुर्रर्र! तबलजीचा हात हवेत राहिला. एक लहान मूल दचकून रडायला लागलं. गिरिजाक्का उठून उभ्या राहिल्या होत्या आणि उजवा हात वर करून म्हणाल्या, "फाऊल!"

बुवांना काही कळेना. आक्का त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बुवा, जरा मांडवात नजर टाका. निम्म्याच्या वर बाया बसल्यात. ह्या समद्या धोंडी उठून घरला गेल्या तर तुमचं कीर्तन ऐकणार कोण? हे चार टाळकरी?"

बायका आधी पदरात हसल्या, मग पदराबाहेर हसल्या. बुवाही माणूस मोठा दिलदार. त्यांनी फेटा सारखा केला, "आक्का, वाक्य मागं घेतलं," म्हणाले आणि पुढचं कीर्तन असं काही रंगवलं की शेवटी आक्कांनीच उठून त्यांना हार घातला. चहा पिताना बुवा मला हळूच विचारत होते, "ह्या बाई पुढच्या वर्षीही असतील का हो?"

गिरिजाक्का पट्टणशेट्टी मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. मूळ गाव नेसरीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. घरात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदायची. खो-खो, कबड्डी, लगोरी, जे काही पोरींना धावायला लावेल ते त्यांनी शिकवलं. निवृत्तीच्या समारंभात शाळेनं त्यांना शाल आणि घड्याळ दिलं. ते घड्याळ कपाटात गेलं आणि शिट्टी गळ्यातच राहिली. त्यांच्या गळ्यात दोन गोष्टी असतात. एक चांदीच्या डबीतलं लिंग, दुसरी ही शिट्टी. चालताना दोन्ही एकमेकींवर आपटून किणकिणतात, त्यामुळे आक्का येत असल्याची वर्दी गल्लीला आधीच मिळते. चुकीचं काही बोलत असलेला माणूस तेवढ्यात विषय बदलतो.

लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर. "पंच कुठल्या टीमचा असतोय व्हय?"

माझी त्यांची ओळख व्याकरणावरून झाली. मी मूळचा नाशिकचा. विमा कंपनीनं बदली करून मला कोल्हापुरात टाकलं, त्या पहिल्याच आठवड्यात आक्का आमच्याकडे ओळख करून घ्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "मी काल वाडीला गेलतो, दत्ताच्या दर्शनाला." मी तेव्हा तरुण होतो आणि शुद्ध मराठीचा अभिमान बाळगून होतो. म्हणालो, "आक्का, 'गेले होते' म्हणायचं. तुम्ही बाई आहात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कबड्डीत रेषेवर पाय पडलेल्या खेळाडूकडे पाहावं. "का वो पावणं? बाई वायली जाती आन गडी वायला जातोय व्हय? रस्ता एकच, यष्टी एकच, तिकीट एकच. मग गेलतो म्हणायला काय झालं?"

पुढे वर्षभरात माझी बायको सुनीता एकदा दारातून ओरडली, "अहो, मी भाजी आणायला जातो!" तेव्हा मी हार मानली. आणि आक्कांसाठी मी अजून पावणंच आहे. इथं घर बांधलं, केस पिकले, नातू झाला, तरी पावणंच.

तर आक्कांचं वेड एकच. धर्म कुठलाही असो, त्यात बायकांना काय जागा आहे हे त्यांना बघायचं असतं. आणि त्या हे पुस्तकात बघत नाहीत, मैदानावर बघतात. त्यांच्या मते नियम वाचून सामना कळत नाही. सामना बघावा लागतो.

सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली, हे मला फार आवडतं. त्यांच्या लिंगायतांत बाईच्या गळ्यातही लिंग बांधतात, बाईलाही दीक्षा असते. याचा त्यांना केवढा अभिमान. पण एकदा कुणाकडे स्वामी आले होते, पाद्यपूजा चालली होती, आणि आक्कांनी नमस्कार करून विचारलं, "स्वामीजी, दीक्षेत फरक न्हाई, मग मठाच्या गादीवर बायका इतक्या कमी का?" घरातल्या लोकांचा जीव टांगणीला लागला. स्वामी मोकळे हसले आणि म्हणाले, "तुम्ही या बसायला." आक्का म्हणाल्या, "गादी मऊ हाय का ते बघून सांगतो." दोघंही मनापासून हसले. घरी येताना मात्र आक्का मला म्हणाल्या, "हसून सोडला प्रश्न. चांगला माणूस हाय, पण उत्तर दिलं न्हाई."

आमच्या समोर कांबळेसर राहतात. कॉलेजात इतिहास शिकवायचे. छप्पन सालापासून त्यांचं घर बौद्ध. सर वाचणारे आणि सरळ. आक्कांनी विचारलं तेव्हा त्यांनी समतेबद्दल सुंदर बोलून दाखवलं. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, स्वतःच सांगितलं की जुन्या नियमात असंही आहे, भिक्खुणी कितीही ज्येष्ठ असली तरी तिनं कालच्या भिक्खूला आधी वंदन करायचं. "पण आक्का, ही नंतरची भर असावी असं बरेच अभ्यासक म्हणतात."

"भर घालणारा गडीच असणार की," आक्का म्हणाल्या.

"शक्यता नाकारता येत नाही," सर म्हणाले.

"ते जाऊ दे. तुमच्या विहाराच्या कमिटीत बायका हायत?"

"आहेत ना. कार्यक्रमाच्या जेवणाचं सगळं त्याच बघतात."

आक्कांनी शिट्टी ओठांना लावली, पण सरांचा मान राखून अगदी हळू वाजवली. सर लाजले. पुढच्या वर्षी कमिटीची सेक्रेटरी त्यांची सून झाली आणि जेवणाचं बघायला सर स्वतः उभे राहिले. वरणात मीठ जास्त पडलं होतं. त्याचा विषय कुणीही काढला नाही.

शमीमभाभी ही आक्कांची जिवाची मैत्रीण. गल्लीच्या तोंडाला तिची पिठाची चक्की आहे. गव्हाचं पोतं ती अशी उचलते, जशी आपण उशी उचलतो. एकदा आक्का तिच्याबरोबर मशिदीत गेल्या. तरुण मौलवी अदबीनं बाहेर आले. त्यांनी सांगितलं, "बायकांना मशिदीत नमाज पढायला धर्मात मनाई नाही, आक्का. पण आमच्याकडं वेगळी जागाच बांधलेली नाही."

"म्हंजे नियमात हाय, ग्राउंडवर न्हाई," आक्का म्हणाल्या.

मौलवींनी दाढीवरून हात फिरवला. "खरं आहे," म्हणाले. तिकडे आता वरच्या मजल्याचं काम निघालं आहे. जिना कुठून घ्यायचा यावर शमीमभाभीचं आणि मिस्त्रीचं रोज भांडण होतं. भाभी म्हणते, "आक्का, माझं मी बघतो. तू तुझी देवी बघ."

एकदा मी वैतागून म्हणालो होतो, "आक्का, म्हणजे तुमच्या मते सगळे धर्म वाईटच?"

"धर्म वाईट म्हणलो व्हय मी? खो-खो वाईट असतोय का? पंच वाईट असत्यात. समदीकडं एकच तऱ्हा बघितली मी. नियम लिवणारे गडी, आन मैदान झाडणाऱ्या बाया. मी देव मानतो पावणं, लई मानतो. पंच मानत न्हाई."

आणि शमीमभाभीनं सांगितलं तशी आक्कांनी शेवटी आपली देवी बघितलीच.

आमच्या मरगाईची पालखी नवरात्रात अष्टमीला निघते आणि दसऱ्याला सीमोल्लंघनाला जाते. पालखी सागवानी, वर चांदीचा पत्रा. व्यवस्था सगळी तालमीकडे. तालमीचे अध्यक्ष बापू साळोखे, एकेकाळचे पैलवान. आता म्हशी राखतात, दूध विकतात आणि उरलेलं दूध स्वतः पितात. त्यामुळे पैलवानकी गेली तरी पैलवान जागच्या जागी आहे. मनानं लोण्यासारखा माणूस, पण प्रथा म्हटलं की बापू दगड. आणि प्रथा अशी की पालखीला बाईचा हात लावायचा नाही.

नवरात्राच्या तयारीची बैठक तालमीत बसली. सगळे गडी. आक्का आत शिरल्या आणि तांबड्या मातीच्या हौद्याच्या कडेला, वस्तादांच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"बापू, अष्टमीला पालखीला खांदा बायका देणार."

बापूंनी चहाचा कप खाली ठेवला. "आक्का, प्रथा न्हाई तशी."

"आषाढात नदीचं नवं पाणी देवीला घालायला कोण नेतंय?"

"बाया. पोरी."

"कुठं घेऊन नेत्यात?"

"डोक्यावर."

"डोकं चालतंय आन खांदा न्हाई चालत? डोक्यापासनं खांदा किती लांब हाय, बापू? जरा हात लावून बघ की."

बापूंनी खरोखरच डोक्याला हात लावला आणि मग खांद्याला. पोरं खुदखुदली. बापूंना घाम फुटला. विटाळ हा शब्द त्यांच्या जिभेवर आला असावा, पण एवढ्या लोकांत, समोर आपल्याला लहानपणी गल्लीत लंगडी शिकवलेली बाई बसलेली. तो शब्द गिळून त्यांनी दुसरा काढला. "पालखी जड हाय, आक्का. बायकांना झेपायची न्हाई. वाटेत पडली तर गल्लीला अपशकुन."

"म्हंजे अडचण वजनाची हाय?"

"व्हय. वजनाची."

"दुसरी कसली न्हाई?"

"न्हाई."

फुर्रर्र! "समद्यांनी ऐकलं न्हवं?" असं म्हणून आक्का उठल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशीपासून शाळेच्या मैदानावर सराव सुरू झाला. एक खाट, तिला दोन्ही बाजूंनी कळकाचे दांडे बांधलेले, आणि खाटेवर मी. देवी म्हणून माझी निवड का झाली याचं कारण आक्कांनी स्पष्ट सांगितलं होतं. "तुम्ही गप बसता आन काही कामाचं न्हाई." माझ्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून.

खांद्याला माझी सुनीता, शमीमभाभी, कांबळेसरांची सून, आणि तोंडाला ओढणी गुंडाळून बापूंची स्वतःची सून रूपाली. तिनं घरी योगाच्या वर्गाला जाते असं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मी पडलो. दुसऱ्या दिवशी तांब्या पडला आणि पाठोपाठ मी. आक्का ओरडायच्या, "पाऊल जुळवा! डावं, उजवं! एकीनं लांब टाकलं तर देवी नाल्यात जाईल!" मी जीव मुठीत धरून एकदा इकडे कललो, तर शमीमभाभी खालून म्हणाली, "भाऊ, हलू नका की. गप मुडद्यावानी बसा." हळूहळू त्यांची पावलं अशी जुळली की एके संध्याकाळी मला खाटेवर चक्क डुलकी लागली. जागा झालो तेव्हा तांब्या तसाच भरलेला होता आणि सगळ्या बायका माझ्या घोरण्याची नक्कल करत होत्या. आक्का म्हणाल्या, "झालं. टीम तयार हाय."

मग त्यांनी बापूंना आव्हान दिलं. "पालखीचं वजन काय ते असू दे. ह्या खाटेवर तू बस. बायका तुला गल्लीतनं फिरवून आणत्यात. तू पडलास तर मी पुन्हा हा विषय काढणार न्हाई."

पैलवानाला नाही म्हणता येईना. रविवारी सकाळी सारी गल्ली गोळा झाली. कुठूनतरी हलगीवालाही आला, कुणी बोलावलं ते कळलं नाही. बापू फेटा बांधून आले आणि खाटेवर बसले. खाट करकरली. बायकांनी पदर खोचले, आणि पुढच्या दांड्याला येऊन जी उभी राहिली तिनं तोंडावरची ओढणी काढली.

"रूपाली?" बापू किंचाळले. "तू योगाला जातीस न्हवं?"

"ह्योच योग मामंजी," रूपाली म्हणाली. "नीट बसा."

शिट्टी झाली. खाट उचलली गेली. बापूंचं तोंड बघण्यासारखं होतं. आयुष्यभर ज्यानं लोकांना उचलून आपटलं, त्याला उचलल्यावर काय वाटतं हे आज कळत होतं. हलगी कडाडली. पोरं शिट्ट्या मारत पुढे पळाली. चक्कीपाशी गतिरोधक आहे, तिथं खाट जराशी हिंदकळली आणि बापू दोन्ही हातांनी दांडा धरून ओरडले, "आई गं!"

वरच्या गॅलरीतून त्यांच्या आई, तानूबाई आज्जी, खाली वाकून म्हणाल्या, "वराडू नगंस. सरळ बस."

गल्लीच्या टोकाला वळसा घालून खाट परत आली आणि देवळासमोर अलगद खाली ठेवली गेली. बायका घामानं निथळत होत्या आणि हसत होत्या. आक्कांनी विचारलं, "बापू, जड कोण? पालखी का तू?"

"मी," बापूंनी कबूल केलं.

टाळ्या वाजल्या. पण तेवढ्यात मागून तालमीचा कारभारी विनायक पुढे आला. चेहरा गंभीर. "वजनाचं झालं. पण विटाळाचं काय? देवीच्या पालखीला विटाळ चालत न्हाई."

पोरींनी माना खाली घातल्या. रूपालीनं पदर सारखा केला. मी आक्कांकडे पाहिलं. त्यांचा हात शिट्टीकडे गेला होता. पण त्याआधी गॅलरीतून आवाज आला.

"विनायका, पालखीत देवी कशावर बसती रं?"

विनायकानं वर पाहिलं. "गादीवर, आज्जी."

"ती गादी दरसाली कोन शिवतंय?"

"तुम्ही."

"लगीन हून ह्या घरात आलो तवापास्नं मी शिवतो. हातानं. पाळी असली, नसली, कुनी इचारलं न्हाई आन मी सांगितलं न्हाई. गादी द्यायची असायची, दिली. म्हंजे इतकी वर्सं देवी माझ्या इटाळावर बसून गावभर हिंडली की रं! काय झालं तिला? कोपली? का गल्ली बुडाली?" आज्जी जरा थांबल्या आणि मग बापूंकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यो बैल बी त्याच दिसांत वाडला."

विनायकाचं तोंड उघडं राहिलं. बापूंनी हळूच फेटा काढला, डोकं खाजवलं, पुन्हा घातला आणि घसा साफ करून पैलवानी आवाजात जाहीर केलं, "अष्टमीला खांदा बायकांचा!"

त्या दिवशी हलगीवाल्याची हलगी फुटली.

अष्टमीची संध्याकाळ मी विसरणार नाही. गल्लीतल्या बायका जरीच्या साड्या नेसून, पदर खोचून, अनवाणी आल्या. "उदं गं आई, उदं!" असा गजर झाला आणि पालखी उठली. आजवर मी तो गजर पुरुषांच्या घोगऱ्या आवाजातच ऐकला होता. बायकांच्या आवाजात तो ऐकून अंगावर काटा आला. खांदे बदलायला एवढ्या बायका पुढे आल्या की रांग लावावी लागली. कांबळेसरांची सून म्हणाली, "मी देवीसाठी नाही, मैत्रिणींसाठी आलेय," आणि खांदा देऊन गेली. शमीमभाभी चक्कीच्या दारात सरबताचं पिंप घेऊन उभी होती. गड्यांना काही कामच उरलं नव्हतं. ते कडेकडेनं बायकांच्या चपला, पर्सा आणि लेकरं सांभाळत चालले होते. बापू साळोखे पैलवान एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातावर रडकं नातवंड घेऊन घामाघूम झाले होते. "पालखी हलकी हुती राव," ते मला म्हणाले.

विनायकाची बायको शेवटच्या वळणावर गर्दीतून आली. तिनं दांड्याखाली खांदा घातला. विनायकानं पाहिलं. मग तो वाकला आणि तिच्या चपला उचलून काखेत घेतल्या.

एक गोष्ट मात्र मला खटकली. गिरिजाक्कांनी खांदा दिला नाही. पालखीपुढे उलट्या चालत त्या पावलं जुळवत होत्या, वाट मोकळी करत होत्या, पण दांड्याला त्यांनी हात लावला नाही. मी म्हणालो, "आक्का, घ्या की आता." त्या म्हणाल्या, "पंच खेळत नसतोय पावणं." उत्तर झटकन आलं. जरा जास्तच झटकन आलं.

दसऱ्याला दुपारी पालखी सीमोल्लंघनाला निघायची होती. तानूबाई आज्जी काठी टेकत दारात आल्या आणि म्हणाल्या, "मला बी जायचं हाय. आजवर वरनंच बगितली. देवीच्या मागनं एकदा तरी जायचं हाय." आज्जींचे गुडघे पार गेलेले. बापू म्हणाले, "आई, गाडी काढतो."

"गाडीतनं जायाला मी काय मंत्री हाय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात आक्का तालमीतून वस्तादांची खुर्ची घेऊन आल्या. खुर्चीला कळकाचे दांडे बांधले. आज्जींना धरून बसवलं, कमरेला उपरणं गुंडाळून गाठ मारली, खांद्यावर शाल घातली, केसांत झेंडूचं फूल खोचलं. आणि कुणाला काही न विचारता पुढच्या दांड्याखाली स्वतःचा खांदा दिला. दुसऱ्या बाजूला शमीमभाभी आली. मागे सुनीता आणि रूपाली.

पालखी पुढे, आज्जी मागे. ज्या आक्का वाटभर सगळ्यांना सूचना देतात त्या त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. खाली बघून एकेक पाऊल टाकत होत्या.

परत आल्यावर खुर्ची देवळाच्या कट्ट्याशी ठेवली. रूपालीनं सगळ्यांना चहा दिला. आज्जी बशीतून चहा पीत होत्या. आक्का कट्ट्यावर बसून खांदा चोळत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि थट्टेनं म्हणालो, "काय आक्का, देवीला खांदा दिला नाहीत आणि म्हातारीला दिलात?"

त्या हसल्या नाहीत.

"आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत न्हाईत पावणं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बसवून नेत्यात. फुलं लावून, विमानात बसवून. पालखीसारखंच असतंय ते. अव्वा, माझी आई, गेली तवा तिला तसं बसवलंतं. जणू माहेराला निघालीया. मी पदर खोचून दांड्याला हात घातला. थोरला भाऊ म्हणाला, गिरिजे, बायकांनी उंबऱ्यापातूर. भाऊ वाईट न्हाई, त्यालाबी रडू येत हुतं. समदी बघाय लागली. माझा आवाज तुम्ही ऐकलाय न्हवं, ह्या टोकापासनं त्या टोकापातूर जातोय? त्या दिवशी निघालाच न्हाई. मी उंबऱ्यात थांबलो. ती बसून गेली आन मी उभा राहिलो."

चहाचा कप त्यांनी खाली ठेवला.

"वाळून चिपाड झालती अव्वा. एकटीनं नेलं असतं मी. तवापासनं हा खांदा कशाला लावू वाटला न्हाई. आधी तिचं राहिलंय, असं वाटायचं."

समोर पोरं एकमेकांना आपट्याची पानं वाटत होती.

"गिरिजे!" आज्जींनी बशी खाली ठेवत हाक मारली. "तुजा च्या झाला असंल तर आनखी एक चक्कर घाल की. मगाशी मी भ्यानं डोळं मिटून बसलोतो. काय सुदिक बगितलं न्हाई."

शमीमभाभीनं कपाळावर हात मारला. सुनीता माझ्याकडे बघून हसायला लागली. आक्का उठल्या. नाक पदराला पुसलं. "उचला गं," म्हणाल्या आणि दांडा यावेळी दुसऱ्या खांद्यावर घेतला.

खुर्ची वर उठली तशी आज्जींनी जरा पुढं वाकून आक्कांच्या डोक्यावर हात ठेवला. आधारासाठी असेल, कशासाठी असेल. गल्लीच्या टोकापर्यंत तो त्यांनी काढला नाही.